मागचा आकडा बघून लिही

डॉक्टरांनी टाइप करून दिलेला कागद सरोजाच्या पर्समध्ये चार दिवस पडून होता आणि चारही दिवस तिची आई एकच प्रश्न विचारत होती, "केलीस का गं सही?"

कागद एका पानाचा होता. नर्स पंचशीला हिने पाच नंबरच्या पेशंटची नाडी न बघताच तक्त्यावर आकडे भरले, त्यामुळे पोटातला रक्तस्राव कुणाच्या लक्षात आला नाही आणि पेशंट दगावला, सबब तिचं रजिस्ट्रेशन रद्द व्हावं, असं त्यात लिहिलं होतं. खाली मोठ्या डॉक्टरांची सही झालेली. शेजारी मोकळी जागा आणि तिच्याखाली 'सीनियर सिस्टर, सरोजा खंडू ढवळे'. पाच नंबरचा पेशंट म्हणजे खंडू ढवळे, सरोजाचे वडील. शनिवारी कागद मुंबईला नर्सिंग कौन्सिलकडे जायचा होता. सरोजाची सही झाली की वीस वर्षांच्या पोरीचं नर्सपण संपलं असतं.

आईला वाटायचं, लेकीचा हात दुःखानं उचलत नाही. दुःख होतंच, पण हात अडला होता दुसऱ्याच गोष्टीसाठी. आकडे आधी भरून ठेवायला पंचशीलाला सरोजानंच शिकवलं होतं आणि हे त्या दोघींशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

भाईंदर पूर्वेला, जेसल पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यावर हे नर्सिंग होम. बारा खाटा, एक ऑपरेशन थिएटर, एक बाळंतपणाची खोली आणि उद्घाटनानंतर महिनाभर चाललेली लिफ्ट. सरोजा तिथे पहिल्या दिवसापासून, म्हणजे अकरा वर्षं. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणायची, "वेळच कुठे मिळाला?" अर्धा दवाखाना तिच्या हातांवर चालायचा आणि उरलेला अर्धा तिच्या आवाजावर. नव्या मुली तिला टरकून असायच्या आणि सहा महिन्यांनी दुसरीकडे नोकरी लागली की तिच्याच गळ्यात पडून रडायच्या.

पंचशीला आली ती चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये. घर तिचं जवळच, चाळीत. मूळचे मंडणगडकडचे लोक, वडील स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर. घराण्यातली दहावीच्या पुढे गेलेली ही पहिलीच. पहिल्या दिवशी ती नवेकोरे बूट घालून आली आणि वॉर्डभर कर्रकर्र आवाज झाला.

"बूट बदल उद्या," सरोजा म्हणाली. "इथे माणूस कण्हत पडलेला असतो आणि तू वरातीला आल्यासारखी वाजतेयस."

पोरगी रडेल असं वाटलं होतं, तर तिनं खिशातून छोटी डायरी काढून लिहून घेतलं. बूट बदलणे. सरोजाला तेव्हाच ती आवडली. मग सरोजा सांगत गेली आणि पोरगी लिहीत गेली. इंजेक्शन देताना दुखणार नाही असं कधी म्हणायचं नाही, दुखतंच, थोडं दुखेल म्हणायचं आणि हात धरायचा. सलाईन संपत आल्याचं पेशंटच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. रडू आलं तर चादरींच्या खोलीत जायचं, पाच मिनिटांत तोंड धुऊन बाहेर. म्हाताऱ्या माणसानं 'बरं आहे' म्हटलं की विश्वास ठेवायचा नाही, ते सवयीनं बोलतात. अकरा वर्षांत कमावलेलं सगळं ती देत होती, आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मात्र तिनं एक गोष्ट सांगितली आणि पोरीनं डायरी काढताच म्हणाली, "हे लिहून नको घेऊस."

ती गोष्ट तक्त्याची. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असतो. त्यावर नाडी, बीपी, ताप, वेळेप्रमाणे लिहायचं. ऑपरेशनच्या पेशंटचं तर दर अर्ध्या तासानं. हिशेब सोपा होता. वॉर्डात सिस्टर एकच उरायची, दुसरी थिएटरमध्ये नाहीतर बाळंतपणात, आणि खाटा बारा. एकेकाला पाच मिनिटं धरली तरी तास त्यातच संपतो, मग औषधं कधी द्यायची, पट्ट्या कधी बदलायच्या आणि बाईनं बाथरूमला कधी जायचं? मोठ्या डॉक्टरांना सरोजानं दोनदा सांगितलं होतं की आणखी एक मुलगी ठेवा. दोन्ही वेळा ते 'बघू' म्हणाले. तक्ता रिकामा दिसला की मात्र तेच डॉक्टर आख्ख्या वॉर्डासमोर आवाज चढवायचे.

"म्हणून सकाळी एकदा नीट मोजायचं," सरोजा म्हणाली. "पुढचे त्याच्या आगेमागे. ऐंशी असेल तर ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, परत ब्याऐंशी. हाताशी वेळ असेल तेव्हा पुढच्या दोन-तीन ओळी भरून ठेव. आणि मध्येच आकड्यानं उडी मारली तर आधी आपल्या बोटांवर शंका घ्यायची. नवी बोटं चुकतात. मागचा आकडा बघून लिही."

"पण सिस्टर, खरंच वाढली असली तर?"

"ते पेशंटकडे बघून कळतं. मला कळतं. मी असते ना."

पंचशीलानं मान डोलावली. सरोजा सिस्टर असतात म्हटल्यावर प्रश्नच मिटला.

खंडू, म्हणजे सरोजाचे आबा, सेलूकडचे. लेकीला नोकरी लागल्यावर तिच्याबरोबर इकडे आले, आणि मीरा रोडला पूनम सागरच्या इमारती उठत होत्या तेव्हा तिथे राखणदार राहिले. गावाकडे लोक म्हणायचे पोरीच्या जातीला कशाला एवढं शिकवायचं, तेव्हा हा माणूस तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तिला औरंगाबादच्या नर्सिंगच्या हॉस्टेलवर सोडून आला होता. भाईंदरला आल्यावर वाण्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पहिल्या वाक्यात सांगायचे, "मेरी लेक शिस्टर हाय." हिंदी एवढंच यायचं, आणि त्यातलंही निम्मं मराठी.

त्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुमचे वडील ते आमचे वडील. मीच करतो." ऑपरेशन सोमवारी सकाळी ठरलं.

त्या सकाळी सरोजानं पंचशीलाला बाजूला घेतलं. "पाच नंबर आज तुझ्याकडे. मी त्यांच्या हाताला हात लावणार नाही. आपल्या माणसाची नाडी आपण बघायची नसते. जीव घाबरलेला असला की जास्त मोजली जाते, मायेत असला की कमी. हे मात्र लिहून ठेव." आणि पुढे म्हणाली, "आज एक बाळंतपण आहे. मी आत असले तर आबांचं नाव घेऊन दार वाजवायचं नाही. ते आज पेशंट आहेत. नाव ऐकून माझा हात हलला तर आत दोन जीव असतात."

पोरीनं तेही लिहिलं. नाव घ्यायचं नाही. पुढे दोन रेघा ओढल्या.

ऑपरेशन दहाला आटोपलं. आबांना पाच नंबरवर आणलं तेव्हा ते गुंगीतच बडबडत होते, म्हशीला पेंड घातली का वगैरे. सरोजाला हसू आलं. बारा वाजता डॉक्टर तक्ता बघून, पोट दाबून, "फर्स्ट क्लास" म्हणून आपल्या दुसऱ्या दवाखान्यात गेले. पाचला येतो म्हणाले. त्याच वेळेला वरसाव्याची मंजुळा कळा देत होती, पहिलटकरीण, आणि बाळाचं डोकं अडकलेलं. बाळंतपणाच्या डॉक्टरबाई आत आणि त्यांच्या हाताखाली सरोजा.

दीड वाजता ती दोन मिनिटांसाठी बाहेर आली. पाच नंबरच्या पायथ्याशी उभी राहिली आणि तक्ता हातात घेतला. ऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी, ब्याऐंशी. बीपी एकशे वीस. किती सरळ चाललंय, असं वाटून तिला बरं वाटलं.

"आबा, बरं आहे ना?"

"बरं हाय गं," आबा म्हणाले. "घसा लई वाळलाय. घोटभर पानी दे की."

"पाणी नाही मिळणार आज. शिस्टरच्या बापालाही नाही."

ते हसले. ओठ पांढरे दिसत होते, पण ऑपरेशन झालेल्या माणसाचे दिसतातच. आतून डॉक्टरबाईंनी हाक मारली आणि सरोजा गेली.

मंजुळा सुटायला सव्वातीन वाजले. मुलगी झाली, निळी पडलेली, पण तिसऱ्या थपडेला अशी काही किंचाळली की बाहेर बसलेली सासू आत डोकावून म्हणाली, "लय बेस झाला गो बायो! पोर न्हाय, भोंगा हाय!" डॉक्टरबाई हसल्या. सगळं आवरून सरोजानं हात धुतले आणि ही गंमत आबांना सांगायची म्हणून ती वॉर्डात आली.

आबांचे डोळे मिटलेले होते. तिनं सवयीनं तक्ता उचलला. शेवटची ओळ चार वाजताची होती, नाडी चौऱ्याऐंशी. तिनं भिंतीकडे पाहिलं. घड्याळात तीन चाळीस झाले होते.

तो आकडा अजून न झालेल्या वेळेचा होता. असे आकडे तिनं स्वतः अकरा वर्षं लिहिले होते. ऐंशी, ब्याऐंशी, चौऱ्याऐंशी. सगळं तिच्याच शिकवणीतलं, अक्षर तेवढं दुसऱ्याचं. तिनं आबांचं मनगट धरलं. ते गार होतं, घामानं ओलं, आणि नाडी हाताला लागतच नव्हती. मानेला लागली ती इतकी बारीक आणि इतकी पळत होती की तिला मोजताही येईना. चादर बाजूला केली तर पोट टम्म फुगलेलं.

मग जे करायचं ते सगळं झालं. डॉक्टरबाई धावल्या, दोन्ही हातांना सलाईन लागली, मोठ्या डॉक्टरांना फोन गेला, रक्त आणायला माणूस बोरिवलीला पळाला. सरोजा सांगितलेलं प्रत्येक काम बिनचूक करत होती आणि तिचा हात एकदाही हलला नाही. चार पंचवीसला आबा गेले. रक्त आलं तेव्हा साडेपाच वाजले होते.

आत बांधलेला टाका सुटला होता. मोठे डॉक्टर आले, त्यांना ते पोटाकडे बघताच समजलं असणार, पण बोलले ते तक्त्याबद्दल. आकडे खरे असते तर दोन-अडीच वाजताच कळलं असतं, पोट उघडून वाचवता आलं असतं, असं ते मोठ्यानं म्हणाले, आणि ते खरंही होतं. मग त्यांनी पंचशीलाला पुढे बोलावलं.

"आधी भरून ठेवायला कुणी सांगितलं तुला?"

पोरीची मान खाली होती. "कुणी नाही, सर. माझं मीच."

सरोजा तिथेच होती. आबांच्या पावलावर हात ठेवून स्टुलावर बसली होती आणि तिनं प्रश्न ऐकला, उत्तरही ऐकलं. बाप समोर मरून पडलेला असताना कुणाला शुद्ध असते, असं कुणी म्हणेल. सरोजाला शुद्ध होती. ती गप्प बसली.

मंगळवारी माती झाली. आई रडली नाही. ती भिंतीला टेकून बसली आणि एकच बोलत राहिली, "त्या पोरीला शिकिवलं कोन म्हनावं? मानसाचा हात न धरता लिवायला शिकिवनारी कोन हाय ती? तिच्या घरात न्हाईत का बाप-भाऊ?" शेजारणी माना हलवायच्या. सरोजा चहाचे कप गोळा करत आत जायची. डॉक्टरांचा शिपाई त्याच संध्याकाळी कागद घेऊन आला. आईनं तो दुसऱ्याकडून वाचून घेतला, आणि तेव्हापासून सहीचा धोशा सुरू झाला.

शुक्रवारी दुपारी सरोजा उठली आणि पंचशीलाच्या चाळीत गेली. मनात काय होतं ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. थोडी आशा होती की पोरगी आपल्याला चार शिव्या घालेल, मग एकमेकींचं फिटेल. थोडी भीतीही होती, की ही बोलली तर काय होईल.

पंचशीलाची आई दारातच रडायला लागली. "बाई, पोरीनं पाण्याचा घोट घेतला न्हाय हो सोमवारपासून," म्हणत तिनं खुर्ची पुढे केली. पंचशीला गॅलरीत बसली होती. सिस्टरांना बघून ती झटकन उभी राहिली, वॉर्डात राहायची तशी, हात मागे घेऊन.

"बस," सरोजा म्हणाली. "तू माझं नाव का नाही सांगितलंस?"

"तुमचे वडील गेले होते, सिस्टर. त्यात आणखी काय सांगायचं?"

"पण तू मोजलं का नाहीस गं? एकदा तरी?"

हे तोंडून निघून गेलं. चार दिवस तिच्या मनात हेच चाललं होतं. मी भरून ठेव म्हटलं, बघूच नको असं नव्हतं म्हटलं. एवढ्याशा फटीतून ती स्वतःला बाहेर काढू पाहत होती.

पंचशीलानं वर पाहिलं. "मोजलं होतं, सिस्टर."

"कधी?"

"दोन वाजता. ते सारखं पाणी मागत होते. मला चेहरा बरा नाही वाटला. म्हणून मोजली. एकशे बारा लागली. मी परत मोजली, पूर्ण एक मिनिट. एकशे बाराच. म्हणून मी तुमच्याकडे आले होते."

"माझ्याकडे? कुठे?"

"लेबर रूमच्या दाराशी. तुम्हाला नाही आठवत?" पोरगी घाबरून बघू लागली. "मी बाहेरून म्हटलं, सिस्टर, एका पेशंटची नाडी एकशे बारा लागतेय. तुम्ही नाव घ्यायचं नाही म्हणाला होता, म्हणून मी 'एका पेशंटची' म्हटलं. तुम्ही आतून विचारलं, मागचा आकडा किती? मी म्हटलं, ब्याऐंशी. तुम्ही म्हणालात, मग तुझी बोटं चुकतायत. मागच्याशी जुळवून लिही, आणि सारखं सारखं दार वाजवू नकोस."

सरोजाला आठवलं. मंजुळा ओरडत होती, डॉक्टरबाई चिमटा मागत होत्या, आणि दाराबाहेर कुणीतरी काहीतरी विचारत होतं. अशी दारं दिवसातून दहा वेळा वाजतात. ती अकरा वर्षं त्यांना उत्तरं देत आली होती, मान न वळवता. कुठली खाट, एवढे दोन शब्द तिनं विचारले नव्हते.

"मी परत गेले," पंचशीला सांगत होती. "आजोबांना म्हटलं, मी पुन्हा एकदा सिस्टरना बोलावते. तर तेच म्हणाले, नको, लेक कामात हाय. सरोजा बघून गेलीय न्हवं मघाशी? मग बरंच असंल. ती म्हनती तसं लिव. म्हणून मी लिहिलं, सिस्टर. मला वाटलं, माझीच बोटं चुकली. तुम्ही बघून गेला होतात ना."

खाली कुणीतरी बादली आपटली.  सरोजाला वाटलं होतं पोरीनं न बघता लिहिलं. पोरीनं बघितलं होतं, बरोबर मोजलं होतं, योग्य माणसाकडे आली होती, आणि त्या माणसानं तिला हाकललं होतं. आबा दोन वाजता वाचण्यासारखे होते. दोन वाजता त्यांच्यात आणि सरोजात एक दार होतं.

"सिस्टर," पंचशीलानं विचारलं, "माझी बोटं बरोबर होती ना?"

"बरोबर होती," सरोजा म्हणाली. "अगदी बरोबर होती. ऐक. पुढे कुठेही नोकरी केलीस आणि कुणीही सांगितलं, माझ्यासारखी अकरा वर्षं मुरलेली म्हातारी सांगू दे, तरी बोटांना लागेल तेच लिहायचं. आणि दार उघडलं नाही तर लाथ मारून उघडायचं."

"मी नाही करणार आता नोकरी," पंचशीला म्हणाली.

सरोजानं तिला पुष्कळ समजावलं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं, पण हो म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी सरोजा डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. कागदावर सहीच्या जागेच्या वर तिनं स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिल्या होत्या. आकडे आधी भरायची पद्धत या वॉर्डात मी सुरू केली. या मुलीला मी शिकवली. दोन वाजता तिनं वाढलेली नाडी मला सांगितली आणि मी तिला परत पाठवलं. वॉर्डात सिस्टर एकच होती आणि डॉक्टर पाचपर्यंत नव्हते. खाली सही.

डॉक्टरांनी वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांचे डोळे थांबले.

"सिस्टर, तुम्ही आत्ता भानावर नाही आहात. घरी जा, महिनाभर सुट्टी घ्या. त्या पोरीचं काय, ती लग्न करून मोकळी होईल."

"हा कागद पाठवायचा तर असाच पाठवा, सर."

"असा कसा पाठवू?"

"मग नका पाठवू."

डॉक्टरांनी कागदाचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. पंचशीलाचं रजिस्ट्रेशन वाचलं. आता ते तिला नको होतं, हा भाग वेगळा. सरोजानं कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या. थांबा असं डॉक्टर म्हणाले नाहीत.

घरी आई आबांच्या कपड्यांच्या घड्या करत बसली होती. रविवारी जलदानाचा, म्हणजे आबांच्या नावानं प्रार्थनेचा कार्यक्रम होता, आणि त्यानंतर ते कपडे गावाकडच्या लोकांना द्यायचे होते. सरोजा आत येताच तिनं विचारलं, "केलीस का गं सही?"

"केली. पण कागद फाडला त्यांनी. आई, त्या पोरीचा काही दोष नाही."

"मग कुनाचा हाय?"

"तू रोज विचारतेस ना, तिला शिकवलं कुणी. मी शिकवलं."

 आईला ते पटकन उमगेना. "काय शिकिवलं?"

"न बघता लिहायला. आणि तरीसुद्धा त्या पोरीनं बघितलं, आई. तिला कळलं होतं. दोन वाजता ती मला सांगायला आली, आणि मी तिला दारातून परत पाठवली. कुणाबद्दल सांगतेय तेसुद्धा विचारलं नाही."

"तू हुतीस कुटं?"

"तिथेच. भिंतीपलीकडे."

आईच्या मांडीवर आबांचा सदरा होता. तिनं त्याची बाही सरळ केली, मग पुन्हा सरळ केली. "पर तू गेलतीस की त्याच्याजवळ. दीड वाजता गेलते म्हनलीस. बोलला म्हनलीस तुज्याशी."

"गेले होते."

"मग तुला न्हाई कळलं? तू तर शिस्टर हाईस."

"मी तक्ता बघितला, आई. तक्त्यावर सगळं बरोबर होतं."

"आन् त्याला?"

सरोजानं शेजारची एक घडी उचलून हातात घेतली.  आईनं पुन्हा विचारलं, आवाज न चढवता, "त्याला बघितलं न्हाईस?"

"नाही."

आईनं सदरा मांडीवरून काढून खाली ठेवला. भिंतीचा आधार घेत उठली, मोरीत गेली आणि आतून कडी लावून घेतली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. पाच दिवस न रडलेली आई आत हंबरडा फोडून रडत होती, आणि सरोजा दाराबाहेर उभी होती. दार वाजवायची तिची हिंमत झाली नाही.